आधी बंदर, मग बोट

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : परदेशातला फेरीप्रवास

सुट्टीचे बेत ठरू लागले की फेरीबद्दलची पत्रं वाढतात, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेकांनी ‘कोणत्या कंपनीची बोट चांगली?’ असं विचारलंय. आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा. बोट कुठून सुटते, कुठे लागते आणि त्या दोन्ही धक्क्यांपर्यंत तुम्ही सामानासकट कसे पोचणार, हे आधी पाहावं. तिकिटावर शहराचं नाव असतं, पण धक्का त्या शहरात असेलच असं नाही. ‘न्यूकॅसल–अ‍ॅमस्टरडॅम’ बोट सुटते नॉर्थ शील्ड्सहून आणि लागते आयमाउडनला. तिथून अ‍ॅमस्टरडॅम तीसेक किलोमीटर आहे. ‘हल–रॉटरडॅम’ बोट शहरापासून बऱ्याच दूर, यूरोपोर्टच्या गोद्यांमध्ये थांबते.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढचे. आठवडाभर लंडनला राहून अ‍ॅमस्टरडॅमला जायचं आहे, आणि एकदा तरी समुद्रातून जायची हौस आहे. सगळ्यांत कमी वेळाची फेरी डोव्हर–कॅले दिसते, दीड तासाची. तीच घ्यावी ना? गाडी नाही. प्रत्येकी एक मोठी बॅग.

उत्तर : नका घेऊ. डोव्हर–कॅले ही गाडीवाल्यांची वाट आहे. समुद्र तिथे सर्वांत अरुंद, जेमतेम ३३ किलोमीटर. त्यामुळे पाण्यावरचा वेळ कमी, पण पायी प्रवाशाचा जमिनीवरचा वेळ वाया जातो. डोव्हर प्रायरी स्टेशनपासून धक्का दोन किलोमीटरांहून लांब आहे. तिथे टॅक्सीने पोचायचं, चेक-इन करायचं, मग बंदराच्या बसमधून बोटीपर्यंत जायचं. पायी प्रवाशांना सगळ्या कंपन्या सगळ्या खेपांना घेत नाहीत, आणि शेजारच्या डोव्हर–डंकर्क मार्गावर तर त्यांना मुळीच घेत नाहीत. पलीकडे कॅलेचा धक्का ते रेल्वे स्टेशन पुन्हा तीच कथा. मग लील, ब्रुसेल्स अशा गाड्या बदलत अ‍ॅमस्टरडॅम. दीड तासाच्या फेरीपायी अख्खा दिवस जाईल.

तुमच्यासाठी हारिच–हूक ऑफ हॉलंड. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून गाडी घ्यायची, मॅनिंगट्रीला बदलायची आणि हारिच इंटरनॅशनलला उतरायचं. हारिच टाउनला नव्हे, ते पुढचं स्टेशन. फेरीचं टर्मिनल स्टेशनाला लागूनच आहे. रात्रीची बोट अकराच्या सुमारास सुटते आणि सकाळी आठच्या सुमारास पलीकडे लागते. चेक-इन संध्याकाळीच उघडतं, तेव्हा लवकर पोचा, बोटीवर जेवा आणि बोट सुटायच्या आत झोपून जा. पलीकडे उतरलात की धक्क्यालगत रॉटरडॅमच्या मेट्रोचं स्टेशन आहे. मेट्रोची ‘बी’ लाइन धरायची, स्कीडाम सेंट्रमला उतरून पुढची रेल्वे घ्यायची. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, संपर्करहित बँककार्ड गेटवर टेकवलं की झालं. मात्र दोघांनी दोन वेगळी कार्डं वापरा. एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत.

तीन गोष्टी सांभाळा. एक, रात्रीच्या खेपेला केबिन सक्तीची आहे. त्यामुळे भाडं डोव्हरच्या मानाने जास्त वाटेल, पण त्यातून हॉटेलची एक रात्र वजा करून मग तुलना करा. दोन, इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस दिली जाते. सामान घेऊन ते नको असेल तर मंगळवार-बुधवार निवडा. रेल्वे आणि फेरीचं एकत्र ‘रेल अँड सेल’ तिकीट मिळतं, ते आधी पाहा. तीन, केबिन. फेरीत बॅगेचं वजन कोणी करत नाही, म्हणून लोक हात सैल सोडून भरतात. दोन बंकच्या केबिनमध्ये दोन मोठ्या बॅगा उघडल्या की उभं राहायला जागा उरत नाही. रात्रीपुरते कपडे, औषधं आणि चार्जर छोट्या पिशवीत वेगळे ठेवा आणि मोठ्या बॅगा बंदच राहू द्या.

पासपोर्टची तपासणी उतरल्यावर डच अधिकारी करतात. डोव्हरला ती इंग्लंडच्याच भूमीवर, फ्रेंच पोलिसांकडून, बोटीत चढण्याआधी होते. युरोपीय संघाची नवी नोंदणी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. तीत पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात (१२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत), त्यामुळे रांग सावकाश सरकते. उतरल्यावर तासाभरात सुटणाऱ्या गाडीचं बांधील तिकीट काढून ठेवू नका.

पॅरिसला जाणाऱ्यांसाठी जाता जाता : न्यूहेवन–दिएप हा चार तासांचा मार्ग पायी प्रवाशांना घेतो. न्यूहेवनला स्टेशन धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, दिएपला मात्र टॅक्सी लागते. दिवस मोकळा असेल तर छान. घाई असेल तर समुद्राखालच्या बोगद्यातली रेल्वे.

प्रश्न : ग्रीसमध्ये रोड्सला पाच दिवस आहोत. समोर तुर्कस्तानचं मार्मारिस दिसतं, फेरीने तासाभराचं अंतर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं असा विचार आहे. ई-व्हिसाचं बघून ठेवलंय. आणखी काय लागेल?

उत्तर : तुर्कस्तानच्या व्हिसाआधी तुमच्या पासपोर्टवरचं शेंगेनचं, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामायिक व्हिसाचं, स्टिकर उघडून ‘नंबर ऑफ एंट्रीज’ हा रकाना वाचा. तिथे ‘मल्ट’ असेल तर खुशाल जा. ०२ असेल तर ही दुसरी एंट्री खर्च होईल. पुढच्या बेतात तिची गरज नाही ना, ते पाहा. ०१ असेल तर हा बेत इथेच सोडा. रोड्सच्या धक्क्यावर बाहेर पडल्याची नोंद झाली की तुमची एकमेव एंट्री संपली. व्हिसाची मुदत महिनाभर उरलेली असली तरी संध्याकाळी ग्रीसमध्ये परत घेणार नाहीत, आणि तुमचं परतीचं विमान ग्रीसहून असेल. असल्या सहलीची तिकिटं धक्क्यावर फळ्यावर लिहून विकतात आणि विकणारा व्हिसा विचारत नाही. त्याचे बहुतेक गिऱ्हाईक युरोपातले असतात, त्यांना तो प्रश्न पडत नाही.

कोस–बोद्रुम, खिओस–चेश्मे, सामोस–कुशादासी, स्पेनहून मोरोक्को, फ्रान्सहून इंग्लंड किंवा आयर्लंड, सगळीकडे हेच लागू. आयर्लंड युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाही, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. उलट क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे इटलीहून तिकडे जाणाऱ्या फेरीत आता एंट्री खर्च होत नाही.

पासपोर्ट तपासणीमुळे या छोट्या फेऱ्यांनाही सुटण्याआधी तासभर पोचावं लागतं, आणि अनेकदा पासपोर्टचे तपशील आदल्या दिवशी द्यावे लागतात.

प्रश्न : अथेन्सहून सँटोरिनी, मग परत अथेन्स आणि त्याच रात्री घरचं विमान, असा बेत आहे. जुलैचा शेवट. हायस्पीड बोट घ्यावी की मोठी? दरात बराच फरक आहे. आई सोबत आहे, गुडघे दुखतात.

उत्तर : आधी विमानाचं. ‘त्याच रात्री’ हे खोडा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. तो पाऊस-ढग घेऊन येत नाही. आकाश निळंशार, ऊन कडक आणि तरी बोटी बंद, असा प्रकार असतो. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर अधिकारी सुटण्यावर बंदी घालतात. ती कंपनीच्या मर्जीची बाब नाही. हायस्पीड बोटींवर बंदी आधी लागते, मोठ्या बोटींवर नंतर, आणि बंदी उठल्यावर खोळंबलेल्या सगळ्यांना त्याच बोटींत जागा हवी असते. विमानाच्या आदल्या दिवशी अथेन्सला परत या. ती रात्र फुकट गेली असं समजू नका. शेवटचे प्रेक्षणीय दिवस बेटावर न ठेवता अथेन्समध्ये ठेवा, म्हणजे दोन्ही साधतं.

आता बोट. पिरेअस या अथेन्सच्या मुख्य बंदराहून सँटोरिनीला मोठी बोट पारोस, नॅक्सोस अशी थांबत साडेसात-आठ तासांत जाते, हायस्पीड साधारण पाच तासांत. अडीच-तीन तास वाचतात, हे खरं. पण हायस्पीड बहुधा कॅटामरान असते : दोन सडपातळ सांगाडे, हलकं वजन, आत विमानासारख्या नंबर घातलेल्या खुर्च्या. बऱ्याचशा बोटींत उघड्या डेकवर जाताच येत नाही. पाच तास काचेआड बसून, लाटेवर आपटत जायचं. मोठ्या बोटीवर फिरायला जागा, मोकळा डेक, रेस्टॉरंट, आणि सकाळच्या खेपेला बेटांमधून जाताना दिसणारा किनारा. ग्रीक बेटांचा निम्मा आनंद डेकवरच आहे, असं आमचं स्पष्ट मत. आईंसाठी मोठीच बोट घ्या. तिच्यात गाड्यांच्या डेकवरून वर जायला सरकते जिने असतात, काही ठिकाणी लिफ्टही. डेकचं साधं तिकीट न काढता नंबर दिलेली खुर्ची घ्या. दर किंचित जास्त, पण जागेसाठी पळापळ नाही.

पिरेअसमध्ये लोक बोट चुकवतात ती अशी : बंदर प्रचंड आहे आणि त्याला ई-१ ते ई-१२ अशी गेटं आहेत. विमानतळाहून मेट्रोची तिसरी लाइन आता थेट पिरेअसला येते, तासाभरात. स्टेशनातून बाहेर आलात की समोर ई-६, ई-७ दिसतात. सिक्लाडीस बेटांच्या, म्हणजे पारोस, नॅक्सोस, सँटोरिनीच्या, मोठ्या बोटी बहुधा इथूनच सुटतात. रोड्सची बोट ई-१ ला. तिथवर बॅगा ओढत चालणं म्हणजे उन्हात घामाघूम. बंदरात आतल्या आत मोफत बस असते. गेटचा नंबर तिकिटावर नसेल तर आदल्या दिवशी येणारा मेसेज पाहा. बोट सुटायच्या पाऊण ते एक तास आधी गेटवर असा.

बोट बेटाला लागते तेव्हा ती जेमतेम दहा-पंधरा मिनिटं थांबते. रॅम्प खाली येण्याआधी घोषणा होते, लोक गाड्यांच्या डेकवर बॅगांच्या कप्प्यांपाशी जमतात. त्या कप्प्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. आपली बॅग आपल्याच बेटाच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर शोधताशोधता रॅम्प वर जाईल. आईंना घोषणेची वाट न पाहता वीस मिनिटं आधी खाली आणा. सँटोरिनीचा धक्का अथिनिओस हा कड्याच्या पायथ्याशी आहे. वर फिरा या मुख्य गावी जायला बस बोटीच्या वेळेला उभी असते, पण भरली की गेली. हॉटेलला गाडी पाठवायला सांगणं गुडघ्यांच्या दृष्टीने बरं.

अथेन्सला एकच बंदर नाही, हेही ध्यानात ठेवा. रफिना हे दुसरं बंदर विमानतळाला जास्त जवळ आहे. तिथून मुख्यतः अँड्रोस, टिनोस, मिकोनोसच्या बोटी सुटतात. विमानातून उतरून थेट मिकोनोसला जाणाऱ्यांनी पिरेअसच्या फंदात पडूच नये.

प्रश्न : मला बोट लागते. गोळी घेऊनही उलट्या झाल्या. फेरी टाळणं हाच उपाय का?

उत्तर : नाही. पण गोळी कधी घेतली, ते पाहा. बोट हलू लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा वाया जाते, कारण मळमळ सुरू झाली की पोटाचं अन्न पुढे ढकलण्याचं काम मंदावतं आणि औषध पोटातच पडून राहतं. सिनारिझिन निघण्याच्या दोन तास आधी, मेक्लिझिन तासभर आधी, डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी घेतात. कानामागे लावायची हायोसिनची पट्टी पाच-सहा तास आधी लावावी लागते, तिचा परिणाम तीन दिवसांपर्यंत टिकतो. या सगळ्यांनी कमी-जास्त झोप येते, म्हणून उतरल्यावर गाडी चालवायची असेल तर नकोत. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गरोदरपण असेल किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नका.

जागा निवडणं औषधाइतकंच कामाचं आहे. बोट लांबीच्या दिशेने वर-खाली होते तेव्हा नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि मागचं टोक सर्वांत जास्त उचललं जातं, मधला भाग सर्वांत कमी. झोपाळ्याच्या फळीचं टोक आणि फळीचा मध्य यांत जितका फरक, तितका. उंच डेकवर कडेकडेचं डुलणं जास्त जाणवतं. म्हणून मध्यभाग आणि खालचा प्रवासी डेक. पुढच्या मोठ्या काचेजवळची, सर्वांत देखणी आणि अनेकदा महाग असलेली जागा तुमच्यासाठी सर्वांत वाईट. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल खाली. पोट रिकामं नको आणि गच्चही नको.

बोटीच्या प्रकाराचंही तसंच. मोठ्या फेऱ्यांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते कडेकडेचं डुलणं कमी करतात, वर-खाली होणं नाही. कॅटामरान फारशी डुलत नाही, पण झटके लहान आणि भराभर बसतात, आणि बऱ्याच जणांना तेच सोसत नाहीत. दरम्यान वाऱ्याचा अंदाज पाहायला शिका. बोफर्ट मोजणीत ४ पर्यंत काळजी नाही. ६ म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वारा, मोठी बोटही हलू लागते. ७ ला लहान बोटींच्या खेपा रद्द होऊ लागतात. मेल्टेमी दुपारी चढतो, तेव्हा उन्हाळ्यात सकाळची पहिली खेप घ्या.

प्रश्न : स्पेनहून मोरोक्कोतल्या टँजियरला जाताना तरीफा बरं की अल्जेसिरास?

उत्तर : पायी असाल तर तरीफा. तासाभरात बोट टँजियर व्हिल धक्क्याला लागते आणि तिथून जुनं शहर चालत जाण्याइतकं जवळ आहे. अल्जेसिरासच्या बोटी बहुधा टँजियर-मेडला जातात. ते शहरापासून चाळीसेक किलोमीटर दूर आहे. गाडीवाल्यांना ते सोयीचं, कारण हमरस्ता लगेच सुरू होतो.

तरीफाचा दोष एकच. तिथे लेव्हांते हा पूर्वेचा वारा भरला की जलद बोटी थांबतात, अल्जेसिरासच्या मोठ्या बोटी मात्र चालू राहतात. त्यामुळे तरीफाला मुक्काम केलात तरी अल्जेसिरासची पर्यायी खेप लिहून ठेवा. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात युरोपात राहणारी मोरोक्कन कुटुंबं गाड्या घेऊन घरी जातात-येतात आणि सामुद्रधुनीवरची बंदरं तुंबतात. पायी प्रवाशाला त्याचा त्रास कमी होतो. घड्याळही बघा : उन्हाळ्यात मोरोक्को स्पेनच्या एक तास मागे, हिवाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ, आणि रमजानच्या महिन्यात मोरोक्को आपलं घड्याळ आणखी तासभर मागे घेतं. तिकिटावरची सुटण्याची वेळ नेहमी त्या त्या बंदराची असते.

प्रश्न : गेल्या वर्षी इटलीतली आमची फेरी आयत्या वेळी रद्द झाली. काउंटरवर ‘हवामान’ एवढंच सांगितलं. रात्रीच्या हॉटेलचे पैसे आमचेच गेले. काही मागता आलं असतं का?

उत्तर : काही गोष्टी नक्की मागता आल्या असत्या. युरोपीय संघाचा २०१० चा नियम क्रमांक ११७७ समुद्री प्रवाशांसाठी आहे. संघातल्या बंदरातून सुटणाऱ्या प्रवासी बोटींना तो लागू होतो, आणि संघातल्या कंपनीची बोट बाहेरून संघाच्या बंदराला येत असेल तर तिलाही. प्रवाशाचं नागरिकत्व कुठलं, याला महत्त्व नाही.

खेप रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीने दोन पर्याय द्यायचे : जादा पैसे न घेता दुसऱ्या मार्गाने पोचवणं, किंवा तिकिटाचे पैसे सात दिवसांत परत. हवामान खराब होतं हे कारण इथे चालत नाही, निवड तुमची. थांबावं लागलं तर खाणं-पिणं, शक्य असेल तिथे. रात्र काढावी लागली तर हॉटेल, दर रात्री ८० युरोपर्यंत आणि जास्तीत जास्त तीन रात्री. हॉटेलची ही जबाबदारी मात्र हवामानामुळे प्रवास धोक्याचा होता हे कंपनीने सिद्ध केलं तर उरत नाही. म्हणून ‘हवामान’ हा शब्द काउंटरवर इतका सहज येतो. त्या दिवशी शेजारच्या कंपनीची तशीच बोट सुटली असेल तर तिच्या वेळेचा फोटो काढून ठेवा, तो पुढे उपयोगी पडतो.

पोचायला उशीर झाला तर भरपाई वेगळी. चार तासांपर्यंतच्या प्रवासात एक तास, चार ते आठ तासांच्या प्रवासात दोन, आठ ते चोवीस तासांच्या प्रवासात तीन आणि त्याहून मोठ्या प्रवासात सहा तास उशीर झाला की तिकिटाच्या २५ टक्के रक्कम. उशीर या मर्यादेच्या दुपटीहून जास्त असेल तर ५० टक्के. इथेही हवामान किंवा असाधारण कारण असेल तर भरपाई नाही.

तक्रार प्रवासाच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत कंपनीकडे लेखी करावी लागते, तेव्हा तुमची वेळ निघून गेली आहे. पुढच्या वेळी काउंटरवर भांडण्यात वेळ घालवू नका. रद्द झाल्याचा फलक, तिकीट, बिलं यांचे फोटो काढा आणि काउंटरवरच्या माणसाकडून कारण लिहून मागा. तिकीट दलाली करणाऱ्या संकेतस्थळावरून काढलं असेल तर खेप बदलल्याचा मेसेज त्यांच्याकडे जाऊन अडकतो. बुकिंग झाल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर बुकिंग क्रमांक टाकून आपला मोबाइल आणि ईमेल तिथे भरून ठेवा.

प्रश्न : स्टॉकहोम–हेलसिंकी रात्रीच्या बोटीत सर्वांत स्वस्त केबिन घेतली तर चालेल का? आम्ही चौघं.

उत्तर : चालेल, पण ‘सर्वांत स्वस्त’ म्हणजे काय ते आकृतीत बघून घ्या. इथे दर बहुधा माणशी नसून केबिनमागे असतो, त्यामुळे चौघांना चार बंकची केबिन फार किफायतशीर पडते. सर्वांत स्वस्त केबिन अनेक बोटींवर गाड्यांच्या डेकच्याही खाली, दुसऱ्या डेकवर असतात. तिथे खिडकी नाही, इंजिनाची घरघर आहे आणि वर यायला बरेच जिने. झोप सावध असेल किंवा बंद जागेची भीती असेल तर एक पायरी वरची, खिडकी नसलेली केबिन घ्या. जूनमध्ये तिथे पहाटे तीन-चारलाच उजाडतं, तेव्हा खिडकी नसणं सोयीचंच. नाळेजवळची केबिन टाळा. धक्क्याला लागताना बोट बाजूला ढकलणारे पंखे तिथेच असतात. त्यांच्या आवाजाने गजराची गरज राहत नाही.

खरं देखणं केबिनमधून दिसतच नाही. सुटल्यावर पहिले काही तास बोट हजारो लहान बेटांमधून जाते. केबिनमध्ये बॅग टाका आणि वरच्या डेकवर जा, जाकीट घेऊन. रात्री बोट ऑलँड बेटांवर थोडा वेळ थांबते. ही बेटं युरोपीय संघाच्या करकक्षेबाहेर असल्याने बोटीवर करमुक्त विक्री चालते, थांबण्याचं कारण तेच. दोन्ही शहरांत कंपनीगणिक टर्मिनल वेगळं आहे. स्टॉकहोमला एकीची बोट स्टाड्सगॉर्डेनहून, दुसरीची व्हार्टाहामनेनहून सुटते. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘फिनलंडची बोट’ सांगू नका. फिनलंडचं घड्याळ एक तास पुढे आहे, म्हणजे झोपेचा तासही तेवढा कमी.

प्रश्न : भाड्याची गाडी फेरीत नेता येते का?

उत्तर : गाडी देणाऱ्या कंपनीने लेखी परवानगी दिली तरच. अनेक करारांत फेरीवर विमा लागू नाही असं कलम असतं. बोटीत शेजारची गाडी घासली तर खर्च तुमचा. देश बदलत असेल तर तो देश करारात नावानिशी लिहिलेला हवा. बेटावर गाडी लागणारच असेल तर इथली गाडी परत करून पलीकडे दुसरी घेणं बहुतेकदा स्वस्त पडतं, कारण गाडीचं फेरीभाडं माणसाच्या भाड्याच्या कित्येक पट असतं.

नेलीच तर बुकिंगमध्ये उंची टपावरच्या सामानासकट टाका. कमी उंचीची नोंद करून धक्क्यावर पकडले गेलात तर उंच गाड्यांच्या रांगेत जागा असेपर्यंत थांबावं लागतं, फरकाचे पैसे वेगळे. आत हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, अलार्म बंद करा. बोटीच्या हलण्याने तो वाजत राहतो आणि बॅटरी उतरते. लागणारं सगळं सोबत घेऊनच वर जा, प्रवास सुरू झाल्यावर गाड्यांचा डेक बंद असतो. जाताना डेकचा नंबर आणि जिन्याचा रंग यांचा फोटो काढा. सात मजली बोटीत एकसारख्या दारांपुढे आपली गाडी शोधणारी कुटुंबं प्रत्येक खेपेला दिसतात, आणि त्यांच्यामागे अडकलेल्या गाड्यांचे हॉर्नही ऐकू येतात.

प्रश्न : सिंगापूरहून एक दिवस इंडोनेशियाचं बाटम बेट की बिंटान?

उत्तर : एका दिवसात बाटम. साधारण तासाभराची फेरी. बिंटानला एक मुक्काम तरी हवा. सिंगापुरात दोन टर्मिनल आहेत : हार्बरफ्रंटहून बाटम सेंटर, सेकुपांग, हार्बर बे या धक्क्यांना बोटी जातात, विमानतळाकडच्या तानाह मेराहून बाटमच्या नोंगसापुराला आणि बिंटानला. जायचा आणि यायचा धक्का एकच ठेवा, नाहीतर बाटमच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला टॅक्सी करावी लागते.

बाटमचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. परतीची वेळ इंडोनेशियाच्या घड्याळाने छापलेली असते, आणि फोन मात्र किनाऱ्याजवळ कधी सिंगापूरचं, कधी इंडोनेशियाचं नेटवर्क पकडून वेळ बदलत राहतो. एक मनगटी घड्याळ बाटमच्या वेळेला लावा. सिंगापूरचा व्हिसा बहुप्रवेशाचा असल्याची खात्री करा, पासपोर्टची मुदत किमान सहा महिने असू द्या, आणि सिंगापूरचं अरायव्हल कार्ड परत येण्याआधी नव्याने भरा. पहिल्या वेळी भरलेलं दुसऱ्या प्रवेशाला चालत नाही. ते प्रवेशाच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं, म्हणून निघण्याच्या सकाळीच हॉटेलच्या वायफायवर उरकून घ्या.